टफ बी७६०: डीडीआर४ वाला घ्यावा की डीडीआर५ वाला?

असूसचा टफ गेमिंग बी७६०-प्लस वायफाय हा मदरबोर्ड दोन प्रकारांत येतो: एक डीडीआर४ या जुन्या रॅमसाठी, दुसरा डीडीआर५ या नव्या रॅमसाठी. डीडीआर४वाल्याच्या नावापुढे 'डी४' असतं, दुसऱ्याच्या नसतं. खोकी इतकी सारखी की ती दोन अक्षरं न वाचता बिल करू नका. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, दोन्हींचं एलजीए १७००. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर दोन्हींवर चालतात. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआयई ५.०, एम.२ एसएसडीच्या तीन जागा, २.५ गिगाबिट लॅन हेही तेच. फरक फक्त रॅमचा, आणि तो पक्का: खाच वेगळ्या जागी असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही.

म्हणून बोर्ड नाही, रॅम बघून ठरवा. जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर४, १६ किंवा ३२ जीबी, हाताशी असेल आणि प्रोसेसर आय५-१२४००एफ घेणार असाल, तर डी४ घ्या. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, गेमिंगमध्ये ते तिथेच वसूल होतात. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून मी हे आणखी ठामपणे सांगतो.

मात्र डी४साठी मुद्दाम महागडी ३६०० वेगाची रॅम घेऊ नका. नावात 'के' नसलेल्या प्रोसेसरवर (१२४००एफही त्यातलाच) मेमरी कंट्रोलरचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाचं, एसए व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे ३६०० 'गिअर १'मध्ये, म्हणजे कंट्रोलर रॅमच्याच वेगाने चालतो तेव्हा, टिकेलच असं नाही. 'गिअर २'मध्ये गेलं की मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगाने चालतो, लेटन्सी (रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढते आणि जास्तीचे पैसे पाण्यात. ३२०० बिनघोर चालते.

सगळंच नव्याने घेताय? मग डीडीआर५. काउंटर-स्ट्राइक २सारखे प्रोसेसरवर भार टाकणारे गेम १०८०पीवर भरपूर फ्रेम्सने खेळायचे असतील तर वेगवान रॅमचा फायदा जाणवतो. शिवाय एलजीए १७०० आता पुढे जाणार नाही. इंटेलचं एलजीए १८५१ आणि एएमडीचं एएम५ ही नवी सॉकेट दोन्ही डीडीआर५वरच चालतात, तेव्हा उद्या बोर्ड बदलला तरी रॅम कामी येईल.

रॅमच्या दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगावरच चालत राहील. तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर त्याआधी बायोस अपडेट कराच. जास्त व्होल्टेजमुळे त्यातल्या काही चिप खराब होत होत्या, त्यावरचा इंटेलचा उपाय २०२४च्या अपडेटपासून मिळतो.