दुपारचा मराठी खेळ, इंदूर : पडदा चांगला, पायऱ्या अवघड

जुलै २०२३ मध्ये सासूबाई आणि त्यांच्या भिशीतल्या अकरा जणींना घेऊन मी इंदूरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये ‘बाईपण भारी देवा’ पाहायला गेले होते. बहुतेकींचे वय साठीपुढचे आणि दोघींचे गुडघे बदललेले असल्यामुळे हा अभिप्राय त्यांच्याच बाजूने लिहीत आहे.

पडदा आणि आवाज यांबद्दल तक्रार नाही. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींच्या या कथेत रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासारख्या सत्तरीतल्या अभिनेत्री नायकाला औक्षण करण्यापुरत्या येत नाहीत, तर आपापले रुसवेफुगवे घेऊन कथेच्या मध्यभागी वावरतात, आणि आमची रांग त्यांच्या वाक्यावाक्याला दाद देत होती. १९८२ च्या ‘शक्ती’मध्ये अमिताभ बच्चन यांची आई झालेल्या राखी वयाने त्यांच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान होत्या, असे मी मध्यंतरात सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, तेव्हा आम्हालाही तसंच वाटायचं. पस्तिशी आली की आपलं झालं.”

चित्रगृहाला मात्र हा बदल अजून कळलेला दिसत नाही. मराठी खेळ दिवसातून एकच, तोही सव्वाबाराचा, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी, संध्याकाळी का नाही, असे विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाले, “आंटीजी लोग तो दोपहर में ही आती हैं.” दुसरा खेळच नसेल, तर आंटीजी येणार कधी? दारावरच्या तपासणीत एका मावशींच्या पर्समधली बडीशेपेची डबी बाहेरचा खाद्यपदार्थ म्हणून काढून ठेवायला लावली, आणि ती परत मिळवण्यासाठी त्यांना खेळानंतर वीस मिनिटे उभे राहावे लागले. सभागृहातल्या पायऱ्या उंच आहेत, कठडा नाही आणि पायरीच्या कडेचे दिवे निम्म्या रांगांपाशी बंद होते. मध्यंतरात खाली उतरून स्वच्छतागृह गाठायचे आणि पुन्हा वर चढायचे म्हटल्यावर चौघींनी जागेवरून उठणेच टाळले.

स्वच्छता चोख आहे, हे इंदुरात वेगळे सांगायला नको. खुर्च्याही ऐसपैस आहेत.

ज्येष्ठ मंडळींना न्यायचे असल्यास तिकीट काढतानाच प्रवेशद्वाराच्या पातळीवरची रांग मागून घ्यावी आणि शाल सोबत ठेवावी, कारण वातानुकूलन कमी करायला सांगितले तरी कुणी येत नाही. लिफ्ट आहे, पण ती खाद्यपदार्थांच्या काउंटरमागे असून विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही. आम्हाला ती परतताना सापडली.