ऐंशी अंशांचा उकाडा

अगाथा ख्रिस्ती यांची 'द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स' ही पहिली कादंबरी (प्रथम प्रकाशन १९२०) मी नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर १२० रुपयांना घेतली आणि मे महिन्यातल्या दोन दुपारी कूलरसमोर बसून वाचून काढली. माझी तक्रार कादंबरीविषयी नाही, या स्वस्त आवृत्तीविषयी आहे.

एमिली इंग्लथॉर्प ही श्रीमंत वृद्धा आतून कड्या घातलेल्या खोलीत पहाटे झटके येऊन मरते, डॉक्टरांना स्ट्रिकनीनचा संशय येतो आणि युद्धामुळे बेल्जियम सोडून आलेला गुप्तहेर प्वारो तपास हाती घेतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ख्रिस्ती इंग्लंडमधील टॉर्कीच्या रुग्णालयातील औषधालयात काम करीत होत्या, आणि ती जाणकारी पानोपानी दिसते. स्ट्रिकनीन म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांतले विष; त्या काळी ते अत्यल्प मात्रेत टॉनिकमध्येही घालत. औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असे का छापलेले असते, याचा ज्याने कधी विचार केला असेल त्याला निम्मी युक्ती उमगेल. उरलेली सांगणे वाचकावर अन्याय होईल. मधल्या भागात कथा सांगणाऱ्या हेस्टिंग्जचे भाबडे तर्क जरा लांबतात, पण ते सोसावेत.

एक धागा मात्र माझ्या हातून साफ निसटला. मृत्यूच्या आदल्या दिवशी सावलीतही ८० अंश तापमान असताना बाईंनी खोलीत विस्तव पेटवायला सांगितला, याकडे प्वारो लक्ष वेधतो. हे अंश फॅरनहाइटचे, म्हणजे जेमतेम २७ सेल्सिअस. बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना नागपूरकराला २७ अंशांत विस्तव पेटवण्यात काही वावगे वाटतच नाही, उलट हेवा वाटतो! एका ओळीची तळटीप पुरली असती.

नकाशाची हेळसांड त्याहून अक्षम्य आहे. मृत बाईच्या खोलीला तीन दारे असून कोणते कुठे उघडते यावर बरेच काही अवलंबून आहे, म्हणूनच मूळ पुस्तकात खोलीचा आराखडा दिलेला आहे. या आवृत्तीत तो काडेपेटीएवढा करून छापला असल्याने दारांवरची अक्षरे भिंगाखालीही लागत नाहीत. ज्या साहित्यप्रकारात वाचकाला तपास करणाऱ्याइतकाच पुरावा मिळायला हवा, तिथे ही काटकसर म्हणजे पुरावा दडवणेच होय.

कादंबरी अवश्य घ्यावी. मात्र प्रत हातात आल्यावर आधी आराखड्याचे पान उघडावे आणि तिन्ही दारे वाचता आली तरच पैसे द्यावेत.