सूर विरेपर्यंत थांबणारा अल्बम : 'सन'चा 'लाइफ मेटल'

स्टीफन ओमॅली आणि ग्रेग अँडरसन या गिटारवादकांच्या 'सन' या बँडचे नाव 'सन' याच नावाच्या कंपनीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरून घेतलेले आहे, आणि ते सार्थही आहे, कारण त्यांच्या ड्रोन मेटलमध्ये, म्हणजे लांबवत ठेवलेल्या जड सुरांच्या मेटल संगीतात, गिटारइतकाच अ‍ॅम्प्लिफायरही वाजत असतो. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या 'लाइफ मेटल'मध्ये चारच रचना आहेत आणि त्या मिळून ६८ मिनिटांहून अधिक चालतात. ड्रम नाहीत.

ध्वनिमुद्रण शिकागोच्या 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनी यांनी टेपवर केले, आणि माझ्या मते या अल्बमचे खरे श्रेय तिथेच आहे. बँडच्या २००५ च्या 'ब्लॅक वन'मधला अंधार गुदमरवणारा होता. इथे आवाज तितकाच अजस्र असूनही त्याच्याभोवती मोकळी हवा आहे, त्यामुळे एखादा सूर छेडल्यापासून तो थरथरत विरेपर्यंतचा सगळा प्रवास स्पष्ट ऐकू येतो. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे फारसे परके वाटू नये, फक्त इथे त्या नादापुढे गायला क्वचितच कोणी येते.

पहिली रचना, 'बिटवीन स्लेपनिर्स ब्रेथ्स', घोड्याच्या खिंकाळण्याने सुरू होते (शीर्षकातला स्लेपनिर म्हणजे नॉर्स पुराणकथांतल्या ओडिन देवाचा आठ पायांचा घोडा) आणि तिच्यातला आइसलँडच्या संगीतकार हिल्डर गुडनाडोटिर यांचा थंड, अलिप्त स्वर गिटारच्या गडगडाटातही दबत नाही. दुसरीत अँथनी पॅटेरस यांचा पाइप ऑर्गन गिटारखाली कधी येऊन मिसळला, हे कळतही नाही. तिसरी, 'ऑरोरा', १९ मिनिटे रेंगाळते. ती निम्म्यात आटोपली असती तरी चालले असते. मात्र २५ मिनिटांच्या 'नोवे'मध्ये गिटार मागे सरतात आणि हिल्डर यांचा हाल्डोरोफोन पुढे येतो. चेलोसारख्या या वाद्यात तारांचे कंपन स्पीकरवाटे पुन्हा वाद्याच्या अंगात सोडले जाते, म्हणजे ज्या फीडबॅकवर या बँडचा सारा डोलारा उभा आहे, तोच येथे लाकडातून बोलू लागतो.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये; खालचे सूर गेले की उरते ती नुसती घरघर. सलग तासभर बसणे जड वाटत असेल, तर याच ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत तयार झालेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'पायरोक्लास्ट्स'मधल्या अकरा-अकरा मिनिटांच्या रचनांपासून सुरुवात करावी.