फॅमिली ट्रस्टच्या नावाखाली २०,०३,००० रुपये गेले

‘फॅमिली ट्रस्ट करून देतो, मालमत्ता ट्रस्टींच्या हाती कुटुंबासाठी सुरक्षित राहील’ म्हणणाऱ्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त नवरा-बायको. स्वतःचा फ्लॅट, पाच-सहा एफडी, मुलं परगावी किंवा परदेशी. भीती दाखवायची तीही ठरलेली: वारसा कर येतोय, प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घेण्यात, मुलांची वर्षं जातील, एक जण गेला की दुसऱ्याचं खातं गोठेल. खरं तर आपल्याकडची इस्टेट ड्यूटी १९८५ सालीच रद्द झाली. खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असलं की मागे राहिलेल्याला पैसे काढता येतात. पुणे-नाशिककडच्या हिंदू कुटुंबाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधी नव्हतीच. पण समोर चकाचक ऑफिस, सीएचं लेटरहेड आणि ओळखीच्यांची शिफारस असली की भलेभले मान डोलावतात. आम्ही काही अडाणी नव्हतो. कागद मागितले, ते दिलेही.

आकडे असे. ड्राफ्टिंगचे १,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. मुद्रांक व नोंदणीसाठी रोख ३५,०००. एफडी मोडून ट्रस्टच्या खात्यात २२,००,०००. त्यातले १८,५०,००० त्यांच्याच भावकीतल्या कंपनीच्या डिबेंचरमध्ये (कर्जरोख्यांत), १२ टक्क्यांनी. दोन तिमाह्या ५५,५०० जमा झाले, मग बंद. उरलेले पैसे खात्यात दिसतात, काढता येत नाहीत.

त्या जीएसटीपाशीच थांबायला हवं होतं. वकिलाने सामान्य माणसाला दिलेल्या कायदेशीर सेवेला जीएसटी माफ आहे. बिलात ‘लीगल ड्राफ्टिंग’ आणि खाली १८ टक्के असेल, तर बिल देणारा वकील नाही. वकिलीच्या सनदेचा क्रमांक मागा.

पण खरी मेख बँकेच्या फॉर्मवर होती. ट्रस्टडीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, तीन ट्रस्टी: आम्ही दोघं आणि त्यांची कंपनी. आम्ही बहुमतात, म्हणून निर्धास्त. खातं उघडायच्या फॉर्मवर ‘मोड ऑफ ऑपरेशन’च्या रकान्यात मात्र ‘सिंगली’वर, म्हणजे एकाच्याच सहीने खातं चालेल यावर, आधीच खूण केलेली, आणि पुढे बारीक अक्षरात ‘मॅनेजिंग ट्रस्टी’. मॅनेजिंग ट्रस्टी म्हणजे कंपनी. फुल्या मारलेल्या जागी सह्या करायच्या, बँकेचा माणूस घाईत, आणि ही खूण त्या पानावर अंगठ्याएवढ्या जागेत. ट्रस्टडीड चार वेळा वाचणारा माणूसही बँकेचा फॉर्म वाचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ज्याने पैसे हलतात तो कागद तोच.

डीडमध्येही फास होतेच. सेटलर, म्हणजे ट्रस्ट उभा करणारा, म्हणून त्यांचाच कारकून, १,००० रुपये घालून. बाहेरच्या माणसाने थोडी रक्कम घालून ट्रस्ट उभा करणं बाजारात सर्रास चालतं, म्हणून ते खटकत नाही. पण हाच सेटलर ‘प्रोटेक्टर’ नेमतो, आणि ट्रस्टी काढायचा-नेमायचा अधिकार प्रोटेक्टरला! दुसरा फास लाभार्थींच्या यादीत: ‘आणि पुढे जन्मणारी नातवंडं’. वाचताना गोड वाटतं. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यानुसार सगळे लाभार्थी सज्ञान असतील तर ते मिळून ट्रस्टीकडून मालमत्ता परत मागू शकतात. न जन्मलेल्या नातवाची संमती कुठून आणणार? दार बंद. तिसरा फास गुंतवणुकीचा. कायद्याने ट्रस्टचे पैसे ठरावीक ठिकाणीच गुंतवता येतात, पण डीडने मुभा दिली तर कुठेही. ‘समूह कंपन्यांसह’ हे दोन शब्द तिथे बसवले होते.

फ्लॅट वाचला, तोही त्यांच्या चोरीमुळे. स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट जिवंतपणी करायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, आणि मुद्रांक खरेदीखतासारखा, रेडी रेकनरच्या (सरकारी बाजारभाव तक्त्याच्या) हिशेबाने. यांनी ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून शेड्यूलमध्ये फ्लॅटचा पत्ता टाकला आणि बाकीचे खिशात घातले. ‘रजिस्ट्रेशन नंबर’ म्हणून दाखवला तो नोटरीच्या वहीतला अनुक्रमांक. धर्मादाय आयुक्तांकडे फक्त सार्वजनिक ट्रस्ट नोंदतात. कौटुंबिक ट्रस्टला तिथला नंबर दाखवला तर कागद फाडून टाका.

कर वाचेल म्हणाले होते. कुणाला किती द्यायचं हे ट्रस्टीच्या मर्जीवर असलं की ट्रस्टच्या उत्पन्नावर पहिल्या रुपयापासून सर्वोच्च दराने कर लागतो. वर ज्येष्ठांचं जादा व्याज गेलं, कारण ट्रस्ट म्हातारा होत नाही.

आता तक्रारीची गंमत. ठाण्यात म्हणे, ‘तुमच्याच सह्या आहेत, हा दिवाणी वाद.’ आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत, ‘एवढी रक्कम आमच्याकडे येत नाही.’ वीस लाख ही त्यांना चिल्लर! बँक म्हणते, मँडेटप्रमाणे, म्हणजे फॉर्मवरच्या खुणेप्रमाणे, व्यवहार झाला. नोटरी म्हणतो, मी फक्त सही ओळखली. जो तो पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येक खिडकीला झेरॉक्सचा नवा संच. ट्रस्टीने ट्रस्टचा पैसा स्वतःच्या कंपनीत वळवणं हा दिवाणी वाद असेल, तर भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१६ कशासाठी छापलंय? विश्वासघात ३१६, फसवणूक ३१८. अर्जात हे आकडे लिहूनच जा. तरी गुन्हा नोंदवला नाही, तर अधीक्षकांना किंवा शहरात उपायुक्तांना टपालाने लेखी कळवा आणि पोच जपा. त्याशिवाय दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज टिकत नाही.

फीचे पैसे ग्राहक आयोगात मागता येतात. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ‘आठ दिवसांत सेटल करू’ असले मेसेज त्या दोन वर्षांवर डोळा ठेवूनच येतात.

बहुतेक जोडप्यांना ट्रस्ट लागतच नाही. दोघांची दोन मृत्युपत्रं, साधा कागद, दोन साक्षीदार. मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक. राहता फ्लॅट एकमेकांच्या नावे करायचा तर महाराष्ट्रात बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक २०० रुपये. अपत्य दिव्यांग असेल किंवा दुसऱ्या लग्नाची गुंतागुंत असेल तर ट्रस्ट जरूर करा, पण मृत्युपत्रातूनही तो होतो आणि हयातीत पैसे कुणाच्या हाती जात नाहीत. बायको-मुलांसाठी सावकारांपासून सुरक्षित ट्रस्ट हवा असेल तर नवऱ्याने स्वतःच्या आयुर्विम्यावर १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली अर्ज भरावा. तो फुकट मिळतो. फक्त पॉलिसी घेतानाच भरायचा असतो. नंतर जोडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.