ब्राइटकॉप्फ की हेन्ले?

पाश्चात्त्य अभिजात संगीताची छापील स्वरलिपी घ्यायची, तर या दोन जर्मन प्रकाशकांपैकी कोणाची? जुनेपणात ब्राइटकॉप्फ अँड हेर्टेलचा हात कोण धरणार? १७१९मध्ये लाइपझिगला सुरू झालेल्या या प्रकाशनानं संगीतकार बाखच्या समग्र संगीताचे खंड १८५१ ते १८९९ अशी जवळजवळ पन्नास वर्षं नेटानं छापले. डिसेंबर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात इमारत बेचिराख झाली. युद्धानंतर वीसबाडेनला नवं बस्तान बसलं.

हेन्ले त्यामानानं कालचं पोर: १९४८ची स्थापना. संस्थापक ग्युंटर हेन्ले उद्योगपती, पण स्वतः पियानो वाजवणारे. नंतरच्या संपादकांनी घुसडलेल्या खुणा काढून संगीतकाराचा मूळ पाठच द्यायचा, हा त्यांचा ध्यास. निळसर करड्या मुखपृष्ठाआड पानंही अशी बेतलेली, की उलटायला हात मोकळा मिळावा. कोणता स्वर कोणत्या बोटानं वाजवायचा हे सांगणारे आकडे तेवढे बहुधा नंतर घातलेले.

वाद्यवृंदासाठी ब्राइटकॉप्फ, पियानोसाठी मात्र मी डोळे झाकून हेन्लेच घेईन.