सीलबंद खोक्यात भलतंच स्पिटफायर

"एवढं कळतं तर फसलात कसे?" हा प्रश्न विचारून झालेला आहे. घरच्यांनी विचारला, तक्रार नोंदवून घेणाऱ्याने विचारला. आणखी कुणी विचारायची गरज नाही.

माल असा: स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल, 1/48 मापाचं, मार्क 1 (म्हणजे विमानाची पहिली आवृत्ती), उत्पादन बंद झालेलं किट, "फॅक्टरी सील". छापील किमतीच्या बरोबर अडीचपट पैसे, तेही शंभर टक्के आगाऊ, कारण "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय". ही तऱ्हा सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा उगाळत नाही. इथे वेगळं एवढंच की खोका अस्सल होता आणि सूचनापत्रकही अस्सल. आतलं प्लास्टिक मात्र दुसऱ्याच, स्वस्तातल्या मार्क 9 च्या किटचं.

ज्याला विमानातलं काही कळत नाही त्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि विकणाऱ्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. मार्क 1 म्हणजे 1940 च्या ब्रिटनच्या लढाईतलं विमान. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) तीन पात्यांचा, इंजिनाचा धूर सोडणारी एक्झॉस्टची नळकांडी प्रत्येक बाजूला तीन, उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली अरुंद अर्धगोल ऑइल कूलर. म्हणजे पोटाखालून पाहिलं तर दोन्ही बाजू वेगळ्या. मार्क 9 आलं 1942 मध्ये. त्याला चार पाती, एका बाजूला सहा नळकांडी आणि दोन्ही पंखांखाली सारखेच मोठे चौकोनी डबे. बहुतेक मार्क 9 च्या पंखातून 20 मिमी तोफांच्या लांब नळ्या पुढे आलेल्या असतात. मार्क 1 ला बहुधा आठ मशीनगन, त्यांची फक्त भोकं दिसतात.

पट्टी लावून बघू म्हणाल तर पंखांची लांबी मोजू नका. ती दोन्हींत एकच, 11.23 मीटर, म्हणजे 1/48 मध्ये 234 मिमी. फरक नाकात आहे. मार्क 9 च्या मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र), म्हणून नाक लांब. मार्क 1 ची एकूण लांबी 9.12 मीटर, किटमध्ये 190 मिमी. मार्क 9 साधारण 197 भरतं. सात मिलिमीटर. तेवढ्यात सगळी लबाडी बसते.

आता तो क्षण, जो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याने फोटो पाठवला होता: पारदर्शक पिशवीतले स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी. खोका सीलबंद आणि आतल्या स्प्रूचा फोटो! इथेच घंटा वाजायला हवी होती. विचारलं तर उत्तर तयार: "माझ्याकडे दोन आहेत, हा उघडलेल्याचा फोटो." पटण्यासारखं होतं, पुष्कळ लोक एक बनवायला आणि एक ठेवायला घेतात. पण त्याच फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पिशवीच्या सुरकुतीमागे, पाती होती. मोजली असती तर चार निघाली असती. फोटो मोठा करायला दोन बोटं पुरतात.

तरीही एक ठासून सांगतो: सीलबंद माल हातात आल्या आल्या फाडून बघ, असं शहाणपण नंतर शिकवायला सोपं. सील तुटलं की किटची किंमत पडते, विक्रेत्यांना हे पक्कं माहीत असतं, आणि त्यामुळेच ते सीलचा एवढा गाजावाजा करतात. त्या सीलला काडीचा अर्थ नाही. आकसणाऱ्या प्लास्टिकचा रोल आणि गरम हवेची बंदूक असली की कुणीही खोका "फॅक्टरी सील" करतो. कडेला वितळून पडलेली बारीक भोकं आणि एका बाजूला वेडीवाकडी शिवण दिसली तर आधी कॅमेरा चालू करा, मग ब्लेड उचला. सगळं एका सलग व्हिडिओत.

डिकलची, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या खुणांची, गंमत तर वेगळीच. शीट पाहून संशय आला म्हणून कडेचा एक जादा अंक कापून कोमट पाण्यात टाकला. अर्ध्या मिनिटात पाणी निळसर झालं आणि अंकाच्या कडा पसरल्या. घरच्या इंकजेटवर छापून वर वार्निशही न मारलेली नक्कल. शिवाय साधा इंकजेट पांढरा रंग छापत नाही. वर्तुळाकार खुणेतला पांढरा पट्टा म्हणजे नुसती पारदर्शक फिल्म. हिरव्या-तपकिरी रंगावर लावली की पांढऱ्याच्या जागी खालचा रंग दिसणार, पिवळं मळकट होणार आणि फिकट कोड अक्षरं गायबच. शीट उजेडासमोर धरून बघा: खरा पांढरा रंग उजेड अडवतो, नुसती फिल्म अडवत नाही. पांढरं तिथेच उघडं पडतं.

मग तक्रार. खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या तक्रार विभागाचं उत्तर जसंच्या तसं: "वर्णनात स्पिटफायर, प्राप्त वस्तू स्पिटफायर, तफावत आढळत नाही." दोन मार्कमधला फरक रेघा मारून, मापं लिहून पाठवला. त्यावर उत्तर आलं की डिकल भिजवलेलं असल्याने माल वापरलेला धरला जाईल, आणि सदिच्छा म्हणून 15 टक्के परत मिळतील. सदिच्छा! पंच्याऐंशी टक्के बुडवून वर उपकार. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पोलिसांत "खेळण्याची तक्रार" म्हणून आधी हसू, मग अर्ज, मग तोच अर्ज दुसऱ्या टेबलावर, आणि तिथे "विमान उडत नाही का?" असा प्रश्न. प्रत्येक ठिकाणी नव्याने सांगायचं की पाती तीन हवीत, चार आलीत. विक्रेत्याचं खातं तोवर बंद.

तुमच्या खोक्यात असं काही निघालं तर एकही भाग स्प्रूवरून कापू नका. गोंद न लावता नुसतं जुळवूनसुद्धा बघू नका, कापलेला भाग म्हणजे तुमच्या विरुद्धचा पुरावा. सूचनापत्रकात भागांचा नकाशा असतो. प्रत्येक स्प्रूच्या चौकटीवर कोरलेलं अक्षर त्याच्याशी ताडून पाहा. इथे नकाशात पाच स्प्रू, पिशवीत चार. पंखाच्या आतल्या बाजूला किंवा चौकटीवर बहुधा साचा बनवणाऱ्याचं नाव आणि वर्षही कोरलेलं असतं, त्याचा जवळून फोटो घ्या. आणि तक्रारीत "स्पिटफायर" एवढंच कधी लिहू नका. मार्क, माप, किटचा क्रमांक, पात्यांची संख्या, सगळं पहिल्याच ओळीत. आगाऊ देण्याआधी विक्रेत्याकडून उघड्या स्प्रूचा फोटो मागा, आणि त्याच फोटोत खोक्याची ज्यावर किटचा क्रमांक छापलाय ती कडही हवी.

15 टक्के नाकारले आहेत. ताजं उत्तर असं आलंय की पूर्ण परतावा हवा असल्यास वस्तू मूळ सीलसह परत पाठवावी.