अकाराचं तयार पीठ: एक पाकीट, तीन शनिवार

लागोसमध्ये शनिवारची सकाळ म्हणजे अकारा, हे इथे राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. चवळी भिजवून सोलायची, कांदा-मिरचीबरोबर वाटायची, फेटायची आणि चमच्याने तेलात सोडायची, बस एवढंच, सोबत गरम गरम ओगी (आंबवलेल्या मक्याची पेज) नाहीतर अगेगे ब्रेड, म्हणजे इथला मऊ पाव. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अलाकारा, म्हणजे अकारा विकणारी बाई, बसते, तिचा अकारा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणेपर्यंत निम्मा संपतो. पण ती साडेआठला कढई उतरवते आणि मी शनिवारी उठतोच साडेआठला. मग म्हटलं घरीच करू, आणि सुपरमार्केटातून सोललेल्या बीन्सच्या (इथे चवळीला बीन्सच म्हणतात) पिठाचं एक किलोचं पाकीट आणलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण नंतर दुसऱ्या कंपनीचंही आणून बघितलं आणि गत तीच झाली.

आधी चांगलं सांगतो. सालं काढायचं काम वाचतं, आणि ते काम काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. दहा-पंधरा मिनिटं भिजवायचं, तळहातांत चोळायचं, सालं वर तरंगली की पाणी ओतून द्यायचं, परत पाणी, परत चोळायचं, असं सहा-सात वेळा केलं तरी काही दाणे काळा डोळा मिरवत तसेच बसलेले असतात. ओलोयिन घेतले, म्हणजे ते गोडसर तपकिरी बीन्स, तर अजून वैताग. पाकिटात ही भानगड नाही, खडे नाहीत, भुंगा नाही, नाफडॅकचा, म्हणजे इथल्या सरकारी अन्न-औषध संस्थेचा, नंबर छापलेला. चवळी जगात सगळ्यात जास्त पिकते ती नायजेरियात, पण भुंगाही तितकाच लागतो आणि तो मारायला लोक काय काय फवारतात, २०१५ मध्ये युरोपियन युनियनने इथल्या सुक्या बीन्सवर बंदी घातली ती डायक्लोरव्हॉस सापडलं म्हणूनच. अर्थात पीठ कुठल्या बीन्सचं दळलंय हे पाकीट सांगत नाही, तेव्हा त्यावरून फार खूश व्हायला नको.

आता अकारा. पाकिटावर लिहिलंय पाणी घाला, ढवळा, तळा. पहिल्या शनिवारी अगदी तसंच केलं, कांदा आणि एक आता रोडो, म्हणजे इथली जहाल तिखट मिरची, बारीक चिरून टाकली (एकच, दोन टाकल्या असत्या तर हा रिव्ह्यू लिहायला मी उरलो नसतो), मीठ घातलं, आणि चमचा तेलात सोडला तर पीठ सरळ तळाला जाऊन चिकटलं. उलथन्याने खरवडून वर आणलं तेव्हा आकार चपटा, बाहेरून तांबूस, आत फोडून बघितलं तर जाळी नावाला नाही, नुसता घट्ट पिठूळ गोळा. बायकोने एक खाल्ला आणि न बोलता ब्रेडला बटर लावायला घेतलं.

खालच्या मजल्यावरच्या मम्मींना एक दाखवला तर त्यांनी तो बोटाने दाबला आणि म्हणाल्या, "सॉरी ओ, यू नो बीट ॲम रीच!" म्हणजे फेटलंच नाहीस बाबा. दुसऱ्या शनिवारी त्यांनीच सांगितल्याप्रमाणे पीठ आधी अर्धा तास भिजवून ठेवलं, पाणी एकदम न ओतता थोडं थोडं घातलं, हँड मिक्सरने पुरती दहा मिनिटं फेटलं आणि मीठ अगदी तेलात सोडायच्या आधी, कारण त्यांच्या मते आधी घातलं की पीठ बसतं. थेंबभर पीठ पाण्यात टाकून बघितलं, तरंगलं, पण जरा आळसावल्यासारखं. अकारा फुगला, खाण्यालायक झाला, पण अलाकाराच्या अकाराला जो आतून ओलसर कापसासारखा मऊपणा असतो तो नाहीच.

तिसऱ्या शनिवारी खुन्नसमध्ये एक डेरिका (बाजारात मापाला वापरतात तो डबा) अख्खे बीन्स आणले आणि दोन्ही शेजारी शेजारी केले. ब्लेंडर सुरू केला आणि लाइट गेली, वीस मिनिटांनी आली, पोरांनी "अप नेपा!" ओरडून घेतलं (ती नेपा नावाची वीज कंपनी कधीच गेली, ओरडायला नाव तेवढं उरलंय), आणि तरीसुद्धा ताज्या वाटलेल्या पिठाने पाच मिनिटांत इतकी हवा धरली की भांड्यात दीडपट झालं. सुकं दळलेलं पीठ ओल्या वाटणासारखी हवा धरत नाही, हाच सगळा खेळ आहे, त्यात कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. दोष आहे तो "ढवळा, तळा" छापण्याचा. सोलायचा अर्धा तास वाचवून तो भिजवण्या-फेटण्यात घालवायचा असेल तर पाकिटाला बीन्सपेक्षा जास्त नायरा कशाला मोजायच्या?

ओगीचं मात्र पाकीट घेऊच नका. बाजारात आंबवलेल्या मक्याचा ओला गोळा नायलॉनच्या पिशवीत मिळतो, वास आंबट, अगदी आंबिलीच्या जवळचा. गोळा गार पाण्यात कालवून पातळ करायचा आणि मग खळखळतं पाणी एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, एका क्षणी चमचा जड होतो आणि पांढरट पाणी चकचकीत होतं, तिथे थांबायचं. पाणी नुसतं गरम असेल तर ते खडूच्या पाण्यासारखं कच्चंच राहतं, मग मुकाट्याने पातेल्यात घालून गॅसवर ठेवा. साखर आणि डब्यातलं दूध शेवटी.

पाकिटाला पाचपैकी अडीच. तो अर्धा पॉइंट मोइन मोइनसाठी, कारण उरलेल्या पिठात वाटलेली लाल सिमला मिरची, थोडं तेल आणि उकडलेलं अंडं घालून वाफवलं, तर तिथे हवेची एवढी गरज नसल्यामुळे छान झालं, आणि मम्मींनी त्यातलं दुसरं मागून घेतलं.